चीनमधील मुस्लिम समाज कसा पाहावा, कसा वाचावा

चीनमध्ये मुसलमान आहेत का, हा प्रश्न अजूनही विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांत मालाच्या खरेदीसाठी यीवू किंवा ग्वांगझूच्या चार-पाच फेऱ्या करून आलेले मुंबईचे व्यापारीही असतात. मुसलमान तिथे आहेत आणि ते थोडेथोडके नाहीत. २०२० च्या जनगणनेत उइघुर सुमारे १ कोटी १७ लाख, हुई सुमारे १ कोटी १३ लाख आणि कझाक सुमारे १५ लाख भरले. इतर लहान समूह धरले तर हा आकडा अडीच कोटींच्या घरात जातो. मात्र देशाची लोकसंख्या १४१ कोटी असल्यामुळे शंभर चिनी माणसांमागे दोन मुसलमानही येत नाहीत, आणि ज्याला काय पाहायचे हे ठाऊक नाही त्याच्या नजरेतून हा समाज सहज निसटतो.

चीनला जाणारे प्रवासी, तिथे शिकणारे विद्यार्थी, व्यापारी, आणि घरी बसून तिथल्या बातम्या वाचणारे व त्यांवर मराठीत लिहिणारे, अशा सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ती वाचताना एक भेद सतत जवळ बाळगावा. एखादा समाज दिसणे वेगळे आणि तो दाखवला जाणे वेगळे. स्वतःच्या पैशाने बांधलेली मशीद, स्वतःच्या हाताने लावलेली पाटी, स्वतःच्या इच्छेने डोक्यावर घेतलेला रुमाल हे दिसणे होय. सरकारी मंचावर रंगीत पोशाखात नाचायला उभे केले जाणे हे दाखवले जाणे होय. गेल्या दहा वर्षांत चीनमध्ये पहिले आक्रसत गेले आहे आणि दुसरे वाढत गेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे सांगितलेल्या खुणा त्यासाठीच नीट पाहायच्या आहेत.

आधी माणसे वेगवेगळी ओळखावीत

चीन सरकार ५६ वांशिक समूह मानते आणि त्यांपैकी दहा समूह परंपरेने मुस्लिम आहेत: हुई, उइघुर, कझाक, दोंगशियांग, किरगीझ, सालार, ताजिक, उझबेक, बाओआन आणि तातार. यांतले हुई चिनी भाषाच बोलतात, देशाच्या जवळजवळ प्रत्येक प्रांतात राहतात, आणि अनेकदा चेहऱ्यामोहऱ्यावरून देशातल्या बहुसंख्य हान लोकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत. उइघुर मात्र तुर्की कुळातली भाषा बोलतात, ती अरबी वळणाच्या लिपीत लिहितात आणि मुख्यतः वायव्येच्या शिनजियांग प्रदेशात राहतात. या दोघांना ‘चिनी मुस्लिम’ या एकाच शब्दात गुंडाळणे ही मराठी लेखनात सर्रास आढळणारी चूक आहे. त्यामुळे शिनजियांगमधली परिस्थिती साऱ्या देशाला लागू केली जाते, किंवा उलट मध्य चीनमधल्या शिआन शहराच्या मुस्लिम बाजारातली वर्दळ पाहून शिनजियांगमध्येही सारे आलबेल असल्याचा निष्कर्ष काढला जातो.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. चिनी ओळखपत्रावर धर्म लिहिलेला नसतो, वांशिक समूह लिहिलेला असतो. त्यामुळे नमाज न पढणारा हुई कागदावर हुईच राहतो आणि इस्लाम स्वीकारलेला हान माणूस हानच राहतो. फूजियान प्रांतातल्या छ्वानझोउजवळ चेनदाय येथील डिंग घराण्याची माणसे अरब वा इराणी पूर्वजांच्या आधारावर हुई ठरली आहेत, पण त्यांच्यापैकी बहुतेकजण पिढ्यान्‌पिढ्या डुकराचे मांस खातात आणि पूर्वजांची पूजा करतात. उलट हाइनान बेटावरच्या सान्या शहराजवळ राहणारे उत्सुल लोक मूळचे आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या चाम वंशाचे असून त्यांची भाषाही निराळी आहे, तरी तेही हुई म्हणूनच नोंदले गेले आहेत. कोण हुई आहे आणि कोण श्रद्धेने मुसलमान आहे, हे दोन प्रश्न म्हणून वेगळे विचारावेत.

फलक आणि वाडगा

चिनी शहरात मुस्लिम समाजाची सर्वांत सुलभ खूण म्हणजे खानावळीवरची पाटी. हलालसाठी चिनी भाषेत ‘छिंगझेन’ हा शब्द आहे. त्याचा अक्षरशः अर्थ ‘निर्मळ आणि सत्य’ असा होतो. मशिदीलाही ‘छिंगझेन-स’ म्हणतात, म्हणून ही दोन अक्षरे एकदा ओळखता आली की खानावळ, खाटीकखाना आणि मशीद या तिन्ही जागा सापडू लागतात. पहिल्या अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब एकाखाली एक काढलेले असतात. तेवढे लक्षात ठेवले तरी सुरुवातीला पुरते. पाटी बहुधा हिरवी किंवा निळी असते. जुन्या वळणाच्या हुई खानावळींच्या पाटीवर वजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हात-पाय-तोंड धुण्यासाठी, वापरल्या जाणाऱ्या तोटीच्या भांड्याचे चित्र असते. या भांड्याला ‘तांगपिंग’ म्हणतात. अरबी न येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते पिढ्यान्‌पिढ्या खात्रीची खूण देत आले आहे.

आत गेल्यावर घाई करू नये. लांझोउच्या हाताने ओढलेल्या नूडल्सचे दुकान हा चीनमधला मुस्लिम समाजाचा सर्वांत सार्वत्रिक चेहरा आहे. ज्या शहरात एकही मशीद नसेल तिथेही असे दुकान बहुधा असते. काचेमागे पांढरी टोपी घातलेला माणूस कणकेचा लांब लोळा फळीवर आपटतो, दुमडतो, पुन्हा ओढतो, आणि पाहता पाहता त्याच्या बोटांमध्ये सुताच्या लडीसारखे धागे तयार होतात. या कणकेला ताण यावा म्हणून पूर्वी एका वाळवंटी झुडपाची क्षारयुक्त राख मळताना घालत असत. वाडगा समोर आला की त्यात पाच गोष्टी मोजाव्यात, कारण लांझोउचे लोक त्या तशाच मोजतात: रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचे तेल लाल, कोथिंबीर व लसणाची पात हिरवी, आणि शेवया पिवळसर. मागताना जाडी सांगावी लागते. केसासारखी बारीक हवी असेल तर ‘माओशी’, लसणाच्या वासाच्या चिनी चाइव्हच्या पानाएवढी रुंद हवी असेल तर ‘जियूये’. या पदार्थाचे श्रेय १९१५ च्या सुमारास लांझोउमध्ये विक्री करणाऱ्या मा बाओझी या हुई माणसाला दिले जाते. मात्र लांझोउबाहेरची बहुतेक दुकाने छिंगहाय प्रांतातल्या ह्वालोंग परगण्यातून आलेली हुई व सालार कुटुंबे चालवतात. दुष्काळी डोंगराळ भागातून शहरोशहरी पसरलेल्या या कुटुंबांमुळेच कोट्यवधी हान लोकांचा मुसलमान माणसाशी पहिला आणि बहुधा एकमेव संबंध येतो, आणि तो जेवणाच्या टेबलावर येतो.

अशा दुकानात बाहेरचे खाणे आणू नये. तशी सूचनाही भिंतीवर असते. दारू मागू नये. चिनी भाषेत नुसते ‘मांस’ म्हटले की डुकराचे मांस असा अर्थ होत असल्याने आणि हुई वस्त्यांत त्या प्राण्याचे नावही टाळले जात असल्याने, त्याचा उल्लेख करायची वेळ आलीच तर ‘दारोऊ’, म्हणजे ‘मोठे मांस’, हा तिथला आडवळणाचा शब्द वापरावा.

आता पाटीकडे पुन्हा पाहावे. २०१९ च्या उन्हाळ्यात बीजिंगमधल्या हलाल दुकानदारांना पाटीवरची अरबी अक्षरे आणि चंद्रकोर काढून टाकण्यास सांगण्यात आले. रॉयटर्सच्या बातमीदारांनी भेट दिलेल्या ११ दुकानांतल्या कर्मचाऱ्यांनी तसे सांगितले. काही ठिकाणी अक्षरांवर काळी पट्टी चिकटवलेली होती, काही ठिकाणी त्यांवर दुसरेच चित्र लावलेले होते. म्हणून ‘छिंगझेन’ या चिनी अक्षरांच्या शेजारी पाटीचा एक कोपरा विनाकारण रिकामा, अधिक उजळ किंवा झाकलेला दिसला, तर तिथे पूर्वी काय होते याचा अंदाज करता येतो.

मशीद वाचताना

चिनी वळणाची जुनी मशीद प्रथमदर्शनी बौद्ध मंदिरासारखी वाटते. ओळखण्याची युक्ती दिशेत आहे. चिनी मंदिराचा मुख्य अक्ष उत्तर-दक्षिण असतो आणि तोंड दक्षिणेला असते. मक्का चीनच्या पश्चिमेला असल्यामुळे मशिदीत माणूस पूर्वेकडून शिरतो आणि एकामागून एक चौक ओलांडत पश्चिमेच्या नमाजगृहाकडे जातो. शिआनच्या ह्वाज्वे गल्लीतली मोठी मशीद हा याचा उत्तम नमुना आहे. परंपरा तिची स्थापना ७४२ मध्ये झाल्याचे सांगते, पण आज उभे असलेले बांधकाम मुख्यतः मिंग काळातले (चौदावे ते सतरावे शतक) आहे. तिथे मीनार शोधू नये. मधल्या चौकातला अष्टकोनी, तीन छपरांचा ‘शिंगशिन’ मनोरा हाच तिथला मीनार. बीजिंगच्या नियूज्ये म्हणजे बैलगल्लीतली मशीद परंपरेनुसार ९९६ मधली आहे. दोन्हीकडे अंगणात कोणालाही फिरता येते, नमाजगृहात मात्र मुसलमानेतरांना प्रवेश नसतो, आणि तो मिळावा म्हणून आग्रह धरू नये. हेनान प्रांतातल्या काइफेंगमध्ये गेल्यास स्त्रियांची मशीद आवर्जून पाहावी. वांगज्या गल्लीतली अशी मशीद १८२० पासून आहे आणि तिथे धर्मशिक्षण देणारी आहोंग ही स्त्रीच असते. स्त्रियांसाठी स्वतंत्र मशिदींची इतकी जुनी आणि रुजलेली परंपरा इस्लामी जगात इतरत्र क्वचितच आढळेल, आणि तिची माहिती आपल्याकडे जवळजवळ कोणालाच नसते याचे मला वाईट वाटते.

घुमट आणि उंच मीनार असलेल्या मशिदींची गोष्ट नंतरची आहे. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) मशिदी पाडल्या गेल्या किंवा बंद पडल्या. १९८० नंतर धर्माला मोकळीक मिळाली, हातात पैसा आला, हज यात्रेला जाऊन आलेल्यांनी अरब जगातल्या मशिदी पाहिल्या, आणि गावोगावी वर्गणी काढून घुमटदार मशिदी उभ्या राहिल्या. त्या काळी स्थानिक अधिकाऱ्यांनी अनेक ठिकाणी याला उत्तेजनच दिले. पुढे धर्मांचे ‘चिनीकरण’ हे अधिकृत धोरण ठरले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये निंगशियातल्या वेइझोउ गावच्या नव्या भव्य मशिदीपुढे शेकडो हुई लोक तिचे पाडकाम थांबवण्यासाठी बसून राहिले. मशीद वाचली, घुमट मात्र नंतर गेले. यिनच्वानची नानग्वान मशीद, शिनिंगची दोंगग्वान मशीद यांच्याही माथ्यावरचे घुमट उतरवले गेले.

युन्नानमधल्या नाज्याइंगचे उदाहरण मी थोडे सविस्तर सांगतो, कारण एका गावाच्या नावात केवढा इतिहास मावतो हे त्यातून कळते. नाज्याइंग म्हणजे ‘ना घराण्याची छावणी’. मंगोल राजवटीत युन्नानचा कारभार पाहणाऱ्या बुखाऱ्याच्या सय्यद अजल शम्सुद्दीनच्या वंशजांनी नासिरुद्दीन या नावाचे तुकडे करून त्यांतून ‘ना’, ‘डिंग’ अशी चिनी आडनावे घेतली, अशी त्या भागातली आख्यायिका आहे. ‘मा’ हे हुईंमधले सर्वांत प्रचलित आडनावही मुहंमद या नावाशी जोडले जाते, आणि ‘दहा हुई, त्यांत नऊ मा’ अशी म्हणच चीनमध्ये आहे. या नाज्याइंगच्या मशिदीचा घुमट व मीनार काढण्याचा आदेश न्यायालयाने २०२० मध्ये दिला होता. २७ मे २०२३ रोजी कामगार आणि पोलीस तिथे पोहोचले तेव्हा गावकरी दारात उभे राहिले आणि झटापट झाली. त्यानंतर घुमट उतरवला गेला. त्याच प्रांतातल्या शादियान गावाने १९७५ मध्ये लष्करी कारवाईत शेकडो माणसे गमावली होती. तिथल्या भव्य मशिदीचे घुमट २०२४ पर्यंत जाऊन त्या जागी चिनी धाटणीची छपरे आली.

यावर सरकारचे म्हणणे असे की घुमट हे परकीय वळण आहे आणि इस्लामने चिनी संस्कृतीशी जुळवून घ्यावे. परंतु हुई समाज हजार वर्षे चिनी छपराखाली नमाज पढत आला आहे. चिनी वळण त्याला परके नव्हते आणि नाही. आक्षेप छपराच्या आकाराला नसून, ते कसे असावे हे कोणी ठरवायचे याला आहे. म्हणूनच मशीद पाहताना तिची शैली चिनी की अरबी एवढ्यावर थांबू नये. छपराची कौले उरलेल्या भिंतींपेक्षा नवी आहेत का, मीनाराचा वरचा टप्पा खालच्या टप्प्याशी विजोड आहे का, दारावर २०१८ पासूनच्या मोहिमेनुसार राष्ट्रध्वज आणि घोषणाफलक आहेत का, हेही पाहावे. आत लहान मुले दिसतात का, हे तर नक्कीच पाहावे. गान्सूमधल्या लिनशियात, ज्याला लोक ‘छोटी मक्का’ म्हणतात, २०१८ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मशिदीत धर्मशिक्षण घेण्यास मनाई करण्यात आली. मुलांवाचूनची मशीद घुमटावाचूनच्या मशिदीपेक्षा मला अधिक अस्वस्थ करते.

कान उघडे ठेवावेत

जे पाटीवरून गेले ते बोलण्यात टिकून असते, आणि इथे मराठी माणसाला एक अनपेक्षित ओळख लागते. हुई लोकांच्या धार्मिक बोलीत फारसी शब्द भरलेले आहेत. धर्मगुरू तो ‘आहोंग’, म्हणजे फारसी आखुंद. देव तो ‘हूदा’, म्हणजे खुदा. पाच नमाजांची नावे अरबी नसून फारसी आहेत: पहाटेची ‘बांगदा’, दुपारची ‘प्येशन’, मग ‘दिगाइर’, ‘शामू’ आणि रात्रीची ‘हूफूतान’. एकमेकांना ते ‘दोस्ती’ म्हणतात, आणि तो आपलाच ‘दोस्त’ आहे. ज्या फारसीने मराठीला हा शब्द दिला तिनेच तो मध्य आशियाच्या वाटेने गान्सूपर्यंत नेला. सागरी वाटेनेही असाच एक धागा जातो. ८५१ च्या सुमाराच्या एका अरबी वृत्तांतात खानफू, म्हणजे ग्वांगझू, इथल्या मुस्लिम व्यापाऱ्यांना स्वतःचा काजी असल्याचे लिहिले आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अल मसूदीने आपल्या चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद केली. ही सारी वस्ती एकाच मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या व्यापाराने वसवलेली होती.

दाखवले जाणारे दृश्य

४ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकची ज्योत पेटवणाऱ्या दोन खेळाडूंपैकी एक, दिनिगेर इलामुजियांग, उइघुर होती. ज्या वेळी शिनजियांगमधल्या, उइघुरांना मोठ्या संख्येने डांबून ठेवणाऱ्या बंदिवास केंद्रांवरून जगभर टीका चालू होती त्याच वेळी हे दृश्य कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचवले गेले. त्या खेळाडूच्या कर्तृत्वाला यातून काही उणेपणा येत नाही. तिला तिथे कोणी आणि कशासाठी उभे केले एवढेच विचारायचे आहे. शिनजियांगमधल्या काशगर शहराच्या १४४२ मधल्या ईदगाह मशिदीपुढच्या चौकात ईदच्या दिवशी नाचणाऱ्या पुरुषांची चित्रफीत पाहतानाही हाच प्रश्न विचारावा. उइघुरांच्या ‘मेशरेप’ या गावमेळ्याला २०१० मध्ये युनेस्कोच्या तातडीने जतन करावयाच्या वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आता तो पर्यटकांपुढे रंगमंचावर होतो. गावकऱ्यांनी आपण होऊन जमवलेला मेळा मात्र संशयाचा विषय ठरतो. १ एप्रिल २०१७ पासून शिनजियांगमध्ये लागू झालेल्या नियमांनी चेहरा झाकणारा पोशाख आणि ‘असामान्य’ दाढी यांना अतिरेकी लक्षणे ठरवले. लोकपोशाखातली नर्तकी चालते, पण रस्त्यावर बुरखा घेणारी बाई चालत नाही.

दूर बसून पडताळणी करताना

गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे पाहता येतात. नाज्याइंग किंवा वेइझोउची मशीद शोधून २०१७ च्या आणि आजच्या चित्राची तुलना करावी. घुमटाची गोल सावली गेलेली नुसत्या डोळ्यांना कळते. आकडे वापरताना ते कोणी आणि कसे मोजले हे त्याच वाक्यात लिहावे. ऑस्ट्रेलियातल्या एका संरक्षणविषयक संशोधन संस्थेने २०२० मध्ये उपग्रहचित्रांच्या नमुन्यावरून शिनजियांगमधल्या सुमारे १६,००० मशिदी पाडल्या गेल्याचा किंवा त्यांची हानी झाल्याचा अंदाज मांडला. तो अंदाज आहे, शिरगणती नव्हे. चीन सरकार तो नाकारते आणि तिथे २४,००० हून अधिक मशिदी असल्याचे सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात शिनजियांगमधली कृत्ये मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात असे म्हटले. चीनने तोही फेटाळला. याच वेळी २०१४ मध्ये युन्नानमधल्या कुनमिंगच्या रेल्वे स्थानकावर झालेल्या, सरकारने शिनजियांगमधल्या फुटीरवाद्यांचा ठरवलेल्या हल्ल्यात ३१ निरपराध माणसे मारली गेली हेही नोंदवावे, कारण सरकार आपल्या कारवाईचा आधार तिथे शोधते. मात्र मूठभरांच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या समाजाची दाढी, भाषा आणि प्रार्थना संशयाखाली आणणे समर्थनीय ठरत नाही, असे मला ठामपणे वाटते. रहिले दावुत या संशोधिकेने आयुष्यभर उइघुर दर्गे आणि त्यांच्या यात्रा नोंदवल्या. त्या २०१७ च्या डिसेंबरपासून नाहीशा झाल्या आणि २०२३ मध्ये त्यांना जन्मठेप झाल्याचे उघड झाले.

बोलताना आणि छायाचित्र घेताना

उइघुर माणसाला, मग तो शिनजियांगमध्ये असो की शांघायच्या एखाद्या पुलावाच्या दुकानात, राजकारणाविषयी प्रश्न विचारू नये, सूचकपणेही विचारू नये. आपण चार दिवसांनी परत येतो, चौकशी त्याची होते. हुई माणसाशी जेवणाविषयी, गावाविषयी, आडनावाविषयी निःसंकोच बोलावे. पुढचे त्याला बोलावेसे वाटले तर तो बोलेल. आहोंगशी बोलताना नुसते नाव न घेता आदराने ‘आहोंग’ म्हणूनच हाक मारावी. घेतलेली भेट, ऐकलेले वाक्य, दुकानाचे नाव यांपैकी काहीही तिथल्या समाजमाध्यमांवर टाकू नये, आणि परतल्यावर लिहितानाही माणूस ओळखू येईल असा तपशील गाळावा. चेहऱ्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. पाटीचे, दाराचे, छपराचे छायाचित्र घेतले तर रस्त्यावर माणसे नसतील असा क्षण निवडावा आणि मागे शहराचे नाव, गल्ली व तारीख त्याच दिवशी टिपून ठेवावी, म्हणजे पाच वर्षांनी तिथे जाणाऱ्या दुसऱ्या कोणाला ती पाटी, ते दार आणि ते छप्पर तसेच आहे की नाही हे ताडून पाहता येईल.